सिंट यान्सक्लोस्टरचा जुना पाण्याचा टॉवर: गिथॉर्नला जाणार असाल तर वाट वाकडी करा

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींकडे आई-बाबा आले की ट्युलिप, पवनचक्क्या आणि गिथॉर्न हे कालव्यांचं गाव हे तीन ठरलेलेच असतात, मग तुम्ही ॲमस्टेलवीनला राहा नाहीतर आइंडहोवनला. गिथॉर्न छानच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण उन्हाळ्यात तिथल्या कालव्यात होड्यांना होड्या धडकत असतात आणि फोटोत आपल्यापेक्षा दुसऱ्यांचीच डोकी जास्त येतात. तर माझं म्हणणं एवढंच की त्याच दिवशी थोडी वाट वाकडी करा आणि शेजारच्या सिंट यान्सक्लोस्टर गावातला पाण्याचा टॉवर चढून या. गाडीने अगदी जवळ, सायकल असेल तर अजूनच मजा. गिथॉर्नला तुम्ही जे पाणी खालून बघता ते तिथे कसं आलं हे या टॉवरवरून एका नजरेत कळतं, आणि ते कळल्यावर गिथॉर्नसुद्धा वेगळं दिसायला लागतं. म्हणून शक्य असेल तर आधी टॉवर आणि मग गिथॉर्न.

आधी टॉवरबद्दल. हा १९३२ साली बांधलेला, उंची साधारण ४५ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या चौदा-पंधरा मजली बिल्डिंगएवढा. पण अवतीभवती सगळं सपाट, गाव छोटं, कौलारू आणि गवताच्या छपरांची घरं, त्यामुळे तो आहे त्याच्या दुप्पट उंच वाटतो आणि लांबून रस्त्यावरूनच दिसायला लागतो. त्या काळात खेड्यापाड्यांत नळाचं पाणी पोचवायचं काम जोरात चाललं होतं. त्याआधी इथली माणसं विहिरीचं, छपरावरून साठवलेलं पावसाचं, नाहीतर सरळ कालव्याचं पाणी वापरायची, आणि हा सगळा दलदलीचा भाग असल्यामुळे कालव्यातलं पाणी चहासारखं तपकिरी. ते अजूनही तसंच आहे, होडीतून हात घालून बघा. अशा ठिकाणी घरात तोटी फिरवली की स्वच्छ पाणी येणं ही केवढी मोठी गोष्ट असेल याचा विचार टॉवरच्या पायथ्याशी उभं राहून जरूर करावा.

पुढे पंप सुधारले, प्रेशर कमी-जास्त करता येणारे पंप आले, जमिनीलगत मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या आणि असे टॉवर हळूहळू बिनकामाचे झाले. नेदरलँड्समध्ये हे सगळीकडे घडलंय. काही टॉवर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मन सैन्याने उडवले, काही नंतर पाडले, जे उरले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आता कोणी राहतंय, कुठे ऑफिस आहे, कुठे हॉटेल. रॉटरडॅमला द एश भागात तर १८७३ चा टॉवर अजून उभा आहे, देशातला सगळ्यात जुना. सिंट यान्सक्लोस्टरचा टॉवर मात्र नाटुउरमोनुमेंटन या निसर्ग राखणाऱ्या संस्थेने घेतला, उट्रेख्टच्या झेक आर्किटेक्टन या फर्मने त्याचं काम केलं आणि २०१४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, वरून आजूबाजूचं नॅशनल पार्क बघायला. म्हणजे हा कोणाचा खासगी बंगला झाला नाही, तुम्ही-आम्ही आत जाऊ शकतो, मला हे फार आवडलं.

आम्ही गेलो ते माझ्या बाबांना घेऊन. बाबांची अख्खी नोकरी जीवन प्राधिकरणात गेली, गावोगावी नळपाणी योजना, त्यामुळे त्यांना चर्च आणि किल्ले दाखवले तर ते मान डोलावतात, आणि पाण्याची टाकी दाखवली तर गाडी थांबवायला लावतात. आपल्याकडे अशा उंचावरच्या टाकीला ते लोक ईएसआर म्हणतात. टॉवर दिसल्या दिसल्या त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "चांगला हेड, म्हणजे पाण्याला उंची, मिळत असणार गं, दहा मीटरला एक किलो प्रेशर, म्हणजे खाली चारेक किलो तरी आलं." मग आत शिरेपर्यंत त्यांनी मला सगळं समजावलं, ते इथे लिहिते कारण त्याशिवाय ही इमारत अशी का आहे ते कळत नाही. पंप दिवसभर एकाच चालीने चालवणं सोपं आणि स्वस्त, पण लोक पाणी वापरतात ते सकाळ-संध्याकाळ झुंबड करून. मग रात्री पाण्याला मागणी नसताना पंप टाकी भरत राहतो आणि सकाळी सगळ्या तोट्या एकदम सुरू झाल्या की टाकी ती तूट भरून काढते. लाइट गेली तरी काही तास पाणी येतं, कारण ते काम पृथ्वीच करते. पाण्याचं वजन वर तोलून धरायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. त्यामुळे जे काही आहे ते वर, आणि खाली नुसता पोकळ मनोरा.

आणि ही पोकळीच या टॉवरची खरी मजा आहे.

आर्किटेक्ट लोकांनी इथे जे केलंय ते मला जाम आवडलं, कारण त्यांनी फार कमी केलंय. आत रंगरंगोटी करून, लाइट लावून, जागोजागी स्क्रीन बसवून म्युझियम करून टाकणं अगदी सहज शक्य होतं. त्याऐवजी जुन्या भिंती तशाच, जुने जिने तसेच, आणि मधल्या रिकाम्या जागेतून लाकडाचा एक नवा जिना वर नेलाय जो सरळ गोल गोल न फिरता या बाजूने त्या बाजूला वळत, तिरका जात, मोकळ्या हवेतून चढत जातो. तुम्ही कधी भिंतीजवळ असता, कधी एकदम मधोमध, खाली बघितलं तर आत्ताच चढून आलेला जिना पायाखाली घडी घातल्यासारखा दिसतो आणि वर बघितलं तर अजून तेवढंच बाकी. जुनं आणि नवं ओळखायला कोणी सांगावं लागत नाही, जे राखाडी आणि थंडगार ते १९३२ चं, जे लाकडाचं ते आत्ताचं. मी एकदा एक हात जुन्या भिंतीवर आणि एक लाकडी कठड्यावर ठेवून बघितला, भिंत उन्हाळ्यातही गार आणि खरखरीत, लाकूड मऊसर, हजारो लोकांचे हात लागून गुळगुळीत होत चाललेलं. आवाजाचंही तसंच आहे, लाकडावर पावलं वाजतात धप धप, आणि तो आवाज पोकळीत घुमून वरून परत येतो, त्यामुळे वरच्या वळणावर कोण चढतंय ते दिसायच्या आधी ऐकू येतं. एक छोटी डच मुलगी वरून जोरात हाक मारत होती आणि तिचे आजोबा खालून तितक्याच जोरात उत्तर देत होते, मधले आम्ही सगळे हसत थांबलेलो.

चढ सोपा नाहीये हे आधीच सांगते. लिफ्ट नाही. शेकडो पायऱ्या आहेत आणि मधेमधे थांबायला जागा आहे पण चढायचं तर आपल्यालाच. बाबा सत्तरीचे, रोज फिरणारे, त्यांनी मजेत केलं, दोन ठिकाणी थांबले, तेही दम लागला म्हणून कमी आणि बांधकाम बघायला जास्त. माझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खालीच थांबली, आणि तिला चढायचा आग्रह केला नाही हे बरंच झालं, कारण उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो. उंचीची भीती असेल तर अजून एक सांगते, कठडे भक्कम आहेत, सुरक्षित वाटतं, पण मोकळ्या जागेतून जिना जात असल्यामुळे खाली नजर जातेच. माझ्या नवऱ्याला असं थोडं होतं, तो भिंतीकडे बघत बघत चढला आणि वर पोचल्यावर त्याला काही त्रास झाला नाही. तान्हं बाळ असेल तर कॅरियरमध्ये घ्या, स्ट्रोलर खालीच ठेवावा लागणार.

मग येते टाकी. जिना शेवटी टाकीतूनच वर जातो, म्हणजे जिथे एके काळी काठोकाठ पाणी भरलेलं असायचं तिथून तुम्ही कोरड्या पायाने चालत जाता. बाबा इथे बराच वेळ उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर टाक्या बांधल्या, भरल्या, धुवून घेतल्या, पण बाहेरच्या लोकांनी टाकी आतून बघायला रांगेने यावं, तिकीट काढून, ही कल्पनाच त्यांना नवीन होती. मला म्हणाले की प्रत्येक टाकीला चार पाइप असतातच, इनलेट, आउटलेट, ओव्हरफ्लो आणि टाकी धुताना तळाचं पाणी काढायचा वॉशआउट, आणि जो इंजिनिअर वॉशआउट नीट देत नाही त्याच्या टाकीत गाळ बसतो आणि मग माणसाला आत उतरून घमेल्याने काढावा लागतो. शेजारी उभ्या असलेल्या एका डच काकांनी विचारलं की हे काय सांगतायत, मी भाषांतर केलं, तर ते काका निघाले याच भागातले, आणि मग दोघांचं पाच-दहा मिनिटं माझ्या मार्फत पाण्यावर बोलणं चाललं. त्यात बाबांना सगळ्यात मोठा धक्का बसला तो हा की या देशात पिण्याच्या पाण्यात क्लोरीन टाकत नाहीत. बाबांच्या नोकरीत पाण्यात क्लोरीन आहे का बघायची रोजची ओटी टेस्ट म्हणजे देवपूजेसारखी, शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन पोचला, नाही आला तर फोनाफोनी. आणि इथे क्लोरीनच नाही! मग असं कसं चालतं तर पाणी आधीच इतकं शुद्ध करायचं की पाइपात जंतूंना खायला काही उरत नाही, बरंच पाणी जमिनीखालून घ्यायचं, आणि पाइप इतके चांगले ठेवायचे की बाहेरची घाण आत शिरायला फट नाही. गळती ५ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा ऐकून बाबा नुसते गप्प झाले, आणि मग म्हणाले, "सगळं त्यातच आलं."

आता वरचा मजला. टाकीच्या वरच्या भागात चार बाजूंना चार मोठ्या खिडक्या पाडल्यात, मोठ्या म्हणजे खरंच मोठ्या, चार-पाच जण एका वेळी शेजारी शेजारी उभे राहून बघू शकतात. अंधाऱ्या मनोऱ्यातून चढत आल्यावर एकदम एवढा उजेड आणि एवढं आकाश येतं की दोन मिनिटं कोणी बोलतच नाही. आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात, ते काय, हे काय, तिकडे बघ.

दिसतं काय तर पाणी आणि वेत, पाणी आणि वेत, क्षितिजापर्यंत (वेत म्हणजे इथे पाण्यात उगवणारं उंच, बोरूसारखं गवत). हा वीरिब्बेन-वीडन नॅशनल पार्कचा वीडनवाला भाग, सगळं मिळून साधारण १०,००० हेक्टर, वायव्य युरोपातली या प्रकारची सलग पसरलेली सगळ्यात मोठी दलदल. आणि गंमत म्हणजे यातलं जवळजवळ काहीच आपोआप झालेलं नाही. इथे पूर्वी पीट होतं, म्हणजे हजारो वर्षं कुजून साठलेल्या झाडपाल्याची माती, जी वाळवली की कोळशासारखी जळते. शेकडो वर्षं लोकांनी ती पाण्याखालून लांब दांड्याच्या जाळ्याने उपसली, शेजारी जमिनीची लांब पट्टी ठेवली, तिच्यावर चिखल पसरून वाळवला, विटेसारखे तुकडे केले आणि होडीत भरून शहरांना विकले. त्यामुळे एक पट्टी जमीन, एक पट्टी पाणी, एक पट्टी जमीन, एक पट्टी पाणी असा नकाशा तयार झाला, आणि तो वरून अजूनही स्वच्छ दिसतो. खाली होडीत बसून हे कधीच कळत नाही, तिथे फक्त वेताच्या भिंती दिसतात.

पण लोभ सुटला. जमिनीच्या पट्ट्या अरुंद अरुंद करत नेल्या म्हणजे जास्त पीट मिळेल, आणि मग त्यांना वाऱ्याच्या लाटा सोसेनात. १७७५ आणि १७७६ मध्ये मोठी वादळं आली, झाउडर झी या शेजारच्या समुद्राचं पाणी आत घुसलं आणि बेउलाके नावाचं अख्खं गाव गेलं. आज त्या जागी बेउलाकर वीडे हा मोठा तलाव आहे, टॉवरवरून समोरच, त्यावर पांढरी शिडं फिरत असतात आणि लोक पोहत असतात. मी बराच वेळ त्याच खिडकीत होते. तिथे गाव होतं, घरं होती, चर्च होतं, आणि ते कुठल्या शत्रूने बुडवलं नाही, पायाखालची जमीन जाळायला विकली म्हणून ते बुडालं. आमच्या दहा वर्षांच्या मुलाला मी हे सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला की मग त्यांना थांबवलं का नाही कोणी, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या बाजूच्या खिडकीत याच्या अगदी उलट कारभार. पश्चिमेला फोलेनहोव्ह गाव दिसतं, ते पूर्वी समुद्राकाठचं बंदर. १९३२ मध्ये, म्हणजे हा टॉवर झाला त्याच वर्षी, आफ्स्लाउटडाइक हा प्रचंड बांध पूर्ण होऊन झाउडर झी समुद्रापासून तोडला गेला, आणि १९४२ मध्ये फोलेनहोव्हच्या पुढ्यातलं पाणी उपसून नोर्डओस्टपोल्डर ही नवी जमीन काढली. त्यामुळे एका खिडकीतून दिसतात माणसाने खणून केलेले तलाव, सगळे वाकडेतिकडे, आणि दुसऱ्या खिडकीतून दिसते माणसाने पाणी काढून केलेली शेती, पट्टीने आखल्यासारखी सरळ. हवा चांगली असेल तर हा पोल्डर, म्हणजे पाणी उपसून काढलेली जमीन, खूप लांबपर्यंत दिसतो. त्याच पोल्डरमध्ये स्खोकलंड आहे, जे आधी बेट होतं, समुद्र खात चालला म्हणून १८५९ मध्ये सगळी माणसं हलवली, आणि आता त्या बेटाच्या चहूकडे बटाट्याची शेतं. वेळ असेल तर तेही करा, नेदरलँड्समधली युनेस्कोच्या यादीत गेलेली पहिली जागा आहे ती, १९९५.

पक्षी बघणाऱ्यांनी दुर्बीण न्याच. बगळे, कॉर्मोरंट म्हणजे पाणकावळे, ससाणे दिसतात, आणि वरून बघायची मजा अशी की पक्ष्याची पाठ दिसते, आपण नेहमी पोट बघतो. ऑटर म्हणजे आपलं पाणमांजर, नेदरलँड्समधून १९८८ च्या सुमाराला पूर्ण नाहीसं झालं होतं, ते २००२ मध्ये इथेच परत आणून सोडलं आणि आता देशभर पसरतंय. वरून दिसायची अपेक्षा ठेवू नका, पण इथल्या पाण्यात ते आहे एवढं कळलं तरी माझ्या मुलाला पुरे झालं.

जायचं कधी? माझं मत, एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. भर उन्हाळ्यात हिरवं छान असतं पण वेत इतका वाढलेला असतो की पट्ट्या नीट उठून दिसत नाहीत. शरदात वेत सोनेरी होतो, दुपारचं तिरकं ऊन पडलं की पाण्याच्या रेघा चमकतात. हिवाळ्यात वेत कापणी चालते, याच वेताची छपरं गिथॉर्नला बघून आपण फोटो काढतो. ढगाळ दिवशी जाऊ नका, म्हणजे जाऊ शकता, पण अर्धी मजा जाते. वारा असेल तर वर जाकीट हवंच. वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या, तिकीट आहे पण अगदी किरकोळ.

पोचायला गाडी सगळ्यात सोपी, बसने जायचं तर वेळ हातात ठेवा आणि परतीची बस आधीच बघून ठेवा, खेडं आहे, दर दहा मिनिटांनी बस मिळणार नाही. सायकलवाल्यांसाठी स्वर्ग आहे, डच लोकांच्या त्या नंबरवाल्या जंक्शनच्या पाट्या धरून तुम्ही तलावाच्या कडेने गिथॉर्नपर्यंत आरामात जाता. आम्ही भाड्याने सायकली घेतल्या, कुठून ते लिहीत नाही, त्यातल्या एकीचा ब्रेक धड लागत नव्हता, म्हणून दुकानातून निघायच्या आधी दोन्ही ब्रेक आणि सीटची उंची तपासा.

खाण्याचं म्हणाल तर गावातच नॅशनल पार्कचं व्हिजिटर सेंटर आहे. आई आमची वाट बघत तिथेच थांबली होती आणि आम्ही उतरेपर्यंत तिने पाणमांजराची सगळी माहिती एका बाईंकडून खाणाखुणांनी काढून घेतली होती. या भागात कुठेही ॲपलपाय मागवा, दालचिनी घातलेला, वर क्रीम, चढून आल्यावर तो हवाच. शाकाहारी लोकांना चीज सँडविच, सूप, पॅनकेक यावर भागवावं लागतं, आम्ही डब्यात ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती तलावाकाठच्या बाकावर बसून खाल्ली.

कमी काय वाटलं तर एकच, ज्यांना चढता येत नाही त्यांना वरचं काहीच बघायला मिळत नाही. अशा इमारतीत लिफ्ट बसवली तर ती पोकळीच जाईल हे मला कळतं, पण आई खाली असताना वर उभं राहून मला सारखं वाटत होतं की तिला हे दिसायला हवं होतं. आम्ही व्हिडिओ कॉल केला आणि बाबांनी चारही खिडक्या फिरून तिला सगळं दाखवलं, बेउलाकेच्या गोष्टीसकट. तुमच्यासोबतही कोणी असं असेल तर हे करा, वर आमच्या फोनला रेंज चांगली होती.

५ पैकी ४.५. दीड-दोन तास काढून ठेवा, लहान मुलं असतील तर अजून थोडा वेळ, आणि पायात नीट पकड असलेले बूट घाला, चपला नकोत.